हन्ना मोर व तिच्या चौघी बहिणी

इंग्लंड देशाच्या पश्चिम भागीं ब्रिस्टल हें जुनें बंदर आहे. त्या शहराजवळ फिशपाँड्स म्हणून एक खेडें होतें. तेथील धर्मादाय शाळेचे मास्तर जेकब मोर ह्यांच्या घरीं ता. २ फेब्रुवारी १७४५ रोजीं हन्ना नांवाची मुलगी जन्मास आली. तिच्या आधीं मेरी, एलिझाबेथ व सेरा ह्या तिघी झाल्या होत्या, आणि तिच्या पाठीवर मार्था ही पांचवी झाली. घरांत मुलगा नाहीं, शेतवाडी नाहीं. जेकब मोर ह्यांस मोठी मिळकत मिळेल अशी आशा होती, परंतु ती कोर्टकज्ज्यांत हातची गेली, व मास्तरकीच्या तुटपुंज्या पगारावर त्यांस संसार चालवावा लागला. पांच मुलींस उजवावें कसें, हा प्रश्न आपल्याकडील गरीब बापास जसा पडतो तसाच तो त्यांसही पडला असला पाहिजे. कारण त्या काळीं इंग्लंडांतही मध्यम दर्जाच्या घराण्यांत मुलीबरोबर पैसा दिल्यावांचून चांगलें स्थळ मिळणें कठीण असे. पुढें ह्या पांचही बहिणी जन्मभर अविवाहित राहिल्या, आणि तरी कोणाच्या दारीं आश्रित म्हणून गेल्या नाहींत. तें कसें घडलें तें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम त्या देशांतील अविवाहित स्त्रीची त्या काळची स्थिति थोडक्यांत सांगितली पाहिजे. विलायतेंत सर्व बायका लग्न करीत असत अशी आपल्यांतील कित्येकांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. इतिहासाचे अभ्यासक असें सांगतात कीं, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील दर १०० स्त्रियांपैकीं सुमारें १५ ते २० स्त्रिया कधींच लग्न करीत नसत. कायद्याच्या कागदांत अशा स्त्रीच्या नांवापुढें जो शब्द लिहीत असत त्याचा मूळ अर्थ सूत कातणारी असा आहे, आणि पुष्कळ जणी खरोखरच चरख्यावर पोट भरीत. १५६३ सालच्या एका कायद्यानें १२ ते ४० वर्षें वयाच्या अविवाहित स्त्रीस गांवचे अधिकारी सक्तीनें दुसऱ्याच्या चाकरीस लावूं शकत. कारागिरांच्या पंचायतींत मेलेल्या नवऱ्याचा धंदा चालविण्याची मोकळीक विधवेस असे; कुमारिकेस तें दार बहुधा बंदच असे. राहतां राहिलें काय? मोलकरीण होणें, शिवणकाम करणें, मुलांस शिकविणें, भावाच्या घरीं दळणकांडण करून भाकरी खाणें, किंवा गांठीला पैसा असल्यास तो व्याजीं लावणें. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लग्न झालेल्या स्त्रीची रोकड व मजुरी कायद्यानें नवऱ्याची होई. १८७० व १८८२ सालचे कायदे होईपर्यंत हीच वहिवाट होती. उलट, अविवाहित प्रौढ स्त्रीस स्वतःचा पैसा स्वतःच्या नांवें ठेवतां येई, करार करतां येई, मृत्युपत्रही करतां येई. म्हणजे समाजांत जिला कोणी विचारीत नसे, तिलाच कायद्यापुढें स्वतःची अशी कांहीं जागा असे.

जेकब मोर ह्यांनीं मुलींस पैसा देण्याऐवजीं विद्या दिली. हन्नाला ते लॅटिन व गणित शिकवूं लागले. पण तिची गणितांतील प्रगति पाहून बापच घाबरला आणि त्यानें तो विषय बंद करून टाकला! मुलीच्या डोक्यांत इतकी विद्या शिरली तर पुढें तिचें होणार कसें, ही भीति फक्त आपल्याच देशांतल्या बापांस वाटते असें नाहीं. थोरली मेरी ब्रिस्टल येथें फ्रेंच शिकावयास राही, आणि आठवड्याअखेरीस घरीं येऊन शिकलेला पाठ धाकट्या बहिणींस देई. एकीची फी भरून पांच जणी शिकल्या.

१७५८ सालीं मेरीनें, विशीच्या आंतबाहेर असतांना, दोघी बहिणींस हाताशीं धरून ब्रिस्टल शहरांत मुलींची निवासी शाळा उघडली. हन्ना त्या वेळीं तेरा वर्षांची. ती प्रथम तेथें विद्यार्थिनी व मागाहून शिक्षिका झाली. फ्रेंच, वाचन, लेखन, गणित व शिवणकाम हे विषय ठेविले होते. शहरांतील व्यापाऱ्यांच्या मुली येऊं लागल्या, आणि चार वर्षांत पार्क स्ट्रीट येथें शाळेसाठीं नवें घर घ्यावें लागलें. पैसा चांगला मिळूं लागला. त्या काळच्या ब्रिस्टलच्या श्रीमंतीचा मोठा भाग आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारांतून व त्यांच्या घामानें पिकविलेल्या साखरेंतून येत असे, हें येथें सांगून ठेवितों. कारण ह्या फीच्या पैशावर वाढलेल्या हन्नेनेंच पुढें त्या पापाविरुद्ध लेखणी उचलली.

हन्ना बावीस वर्षांची असतां, १७६७ सालीं, विल्यम टर्नर नांवाच्या एका श्रीमंत जमीनदारानें तिला मागणी घातली. तो तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं वडील होता. त्याच्या नात्यांतील मुली मोर भगिनींच्या शाळेंत होत्या, आणि सुटींत त्यांच्याबरोबर हन्ना त्याच्या वाड्यावर जात असे. मागणी मान्य झाली. हन्नेनें शाळेंतील आपला वांटा सोडला व लग्नाची तयारी केली. दिवस ठरला, आणि नवऱ्यामुलानें तो पुढें ढकलला. पुन्हां ठरला, पुन्हां ढकलला. असें होतां होतां सहा वर्षें गेलीं! बाईमाणसाचीं सहा वर्षें, त्यांतही ज्या वयांत स्थळें येतात तीं सहा वर्षें, म्हणजे काय हें आपल्या मंडळ्यांतील आयाबाया जाणतात. अखेर १७७३ सालीं तो संबंध तुटला. झालेल्या नुकसानीबद्दल टर्नर ह्यांनीं तिला दरसाल २०० पौंड द्यावे असें स्नेह्यांनीं तिला न विचारतांच ठरविलें. हन्नेस तें कळल्यावर तिनें प्रथम नकार दिला, पण पुष्कळ समजूत घातल्यावर ती नेमणूक घेतली. त्या प्रांतांतील शेतमजुरास वर्षाकाठीं २० पौंड देखील सुखानें मिळत नसत, हें लक्षांत घेतां ही रक्कम केवढी होती हें समजेल. घेतली ती योग्य केली कीं अयोग्य, ह्याविषयीं लोकांनीं तेव्हांही तोंडसुख घेतलें. मला विचाराल तर, जिनें एका पुरुषाच्या शब्दावर आपला धंदा सोडला तिनें त्याच्याकडून पोटाची सोय घेतली ह्यांत लाजिरवाणें कांहीं नाहीं. टर्नर ह्यांच्या मनांत तिच्याविषयीं आदर शेवटपर्यंत राहिला. मरतांना त्यांनीं तिला आणखी १,००० पौंड ठेविले. तिनें मात्र पुढें लग्नाचें नांव काढलें नाहीं.

यानंतर हन्नाबाई (आतां त्यांस मानानेंच संबोधिलें पाहिजे) दरसाल कांहीं महिने लंडनास राहूं लागल्या. तेथें प्रख्यात नट गॅरिक, विद्वान डॉक्टर जॉन्सन वगैरेंशीं त्यांचा स्नेह जडला. १७७७ सालीं त्यांचें एक नाटक रंगभूमीवर येऊन त्यांस सुमारें ६०० पौंडांची प्राप्ति झाली, आणि ती रक्कम गॅरिक ह्यांनीं त्यांच्यासाठीं व्याजीं लावून दिली. परंतु १७७९ त गॅरिक वारले, आणि त्या झगमगाटांतून बाईंचें मन हळूहळू उडालें. पूर्वीं गुलामांच्या जहाजावरील कप्तान असून मागाहून पश्चात्ताप पावून पाळक झालेले जॉन न्यूटन ह्यांची ओळख ह्याच सुमारास झाली. १७८८ सालीं बाईंनीं गुलामगिरीविरुद्ध एक काव्य छापून प्रसिद्ध केलें. ब्रिस्टलच्या जवळ, काउस्लिप ग्रीन येथें, त्यांनीं एक लहानसें घर बांधलें होतें. तेथें फुलझाडें लावीत त्या राहूं लागल्या.

येथें एक प्रसंग सांगितला पाहिजे. तो बाईंच्या कीर्तीस फारसा शोभणारा नाहीं. ॲन यिअर्सली म्हणून एक गरीब गवळण होती. घरोघर दूध घालून, आणि बाईंच्या स्वयंपाकघरांतील खरकटें आपल्या डुकरासाठीं नेऊन ती मुलांबाळांचें पोट भरी. पण तिला कविता करण्याची देणगी होती. बाईंस हें कळतांच त्यांनीं खटपट करून हजारावर वर्गणीदार मिळविले व १७८५ सालीं तिचें पुस्तक छापून घेतलें. कांहीं शें पौंड जमले. ते पैसे त्यांनीं आपल्या व दुसऱ्या एका थोर स्त्रीच्या ताब्यांत ठेविले व तिला फक्त व्याज देऊं केलें. हेतु वाईट नव्हता. गवळण विवाहित होती, पैसा तिच्या हातीं जातां तर कायद्यानें तो नवऱ्याचा झाला असता. पण गवळणीनें म्हटलें कीं मी आई आहें, माझ्या लेकरांच्या पैशावर माझा हात असावा. आणि भांडण जुंपलें. शेवटीं रक्कम तिला मिळाली, व तिनें त्या जोरावर पुढें भाड्यानें पुस्तकें देण्याचें दुकान काढलें. स्वतःच्या आयुष्याचा सौदा आपणांस न विचारतां ठरल्याचें दुःख ज्या बाईनें सोसलें, तिनेंच दुसरीस न विचारतां तिचा सौदा ठरविला. उपकार करणाऱ्याच्या हातून ही गोष्ट सहज घडते, आणि आपल्या मिशनांतील वडीलधाऱ्यांनीं ह्या कथेवर थोडा वेळ थांबावें असें मला वाटतें.

आतां ज्या कार्यासाठीं खेड्यांतील ख्रिस्ती मनुष्यानें ह्या बाईंची आठवण ठेवावी त्याकडे वळूं. १७८९ च्या ऑगस्ट महिन्यांत गुलामांचे कैवारी विल्बरफोर्स हे काउस्लिप ग्रीन येथें पाहुणे आले. जवळच चेडर येथील डोंगरकडे फार प्रेक्षणीय आहेत. ते पाहण्यास त्यांस पाठविलें. संध्याकाळीं ते परत आले ते उदास होऊन. बरोबर दिलेली शिदोरी तशीच परत आली होती. कडे सुंदर होते, पण कड्याखालील माणसांची दैना पाहून त्यांच्या तोंडांत घास गेला नव्हता. त्यांनीं बाईंस सांगितलें कीं, चेडरसाठीं कांहीं तरी केलेंच पाहिजे. श्रम तुमचे, पैसा माझा.

त्याप्रमाणें हन्नाबाई व धाकटी मार्था चेडरला गेल्या. तेथील मंदिराचा मुख्य धर्माधिकारी दूर ऑक्सफर्ड शहरीं राही व उत्पन्न तेवढें घेई. त्याचा दुय्यम कित्येक मैलांवर वेल्स येथें राही. साऱ्या गांवांत पवित्र शास्त्राची एकच प्रत सांपडली, आणि ती एका घरीं फुलझाडाच्या कुंडीखालीं टेकू म्हणून ठेविलेली होती! शाळा काढावयाची तर प्रथम गांवच्या मोठ्या शेतकऱ्यांस वश केलें पाहिजे. दोघी बहिणी चिखल तुडवीत घरोघर हिंडल्या. एका धनवान् शेतकऱ्यानें सांगितलें कीं, धर्म ही शेतीला घातक वस्तु आहे, ग्लास्टनबरीच्या जुन्या मठवासी साधूंनीं ती ह्या प्रांतांत आणल्यापासूनच सारी नासाडी चालली आहे. मजूर धर्म शिकला कीं आळशी होतो. बाईंनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं त्या लोकांच्या मुलांचें कौतुक केलें, त्यांच्या घरच्या दारूची वाखाणणी केली, आणि शाळा झाली म्हणजे पोरें तुमच्या बागेंतील फळें चोरणार नाहींत असें गोड बोलून सांगितलें. हें बोलणें थोडें खुशामतीचें होय. पण पाटलाच्या ओट्यावर बसून मिशनच्या शाळेसाठीं जागा मागण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे त्या आपल्या उपदेशक बंधूंस ह्याचें नवल वाटणार नाहीं. घर भाड्यानें मिळालें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत १४० मुलें येऊन शाळा सुरू झाली.

चेडरची शिक्षिका बेबरबाई म्हणून एक पोक्त स्त्री होती. तिनें आपल्या मुलीसह तेथें राहून रविवारीं धर्मशिक्षण व आठवड्यांत सूत कातणें व विणणें शिकविलें. कांहीं वर्षांनीं ती वारली तेव्हां गांवचा गांव तिच्या प्रेतामागें रडत गेला. शिफम म्हणून दुसरें गांव होतें. तेथील खाणकामगार इतके दांडगे कीं पोलिसदेखील तेथें कोणास पकडावयास धजत नसे. त्या गांवीं बाई पोहोंचल्या तों त्यांस असें आढळलें कीं, गोठ्यावर दूधदुभत्याचें काम करणारी एक गरीब अविवाहित तरुणी आपल्याच मजुरींतून लहान पुस्तकें व आल्याचा खाऊ विकत घेऊन सुमारें तीस पोरांस रविवारीं शिकवीत आहे. तिला कोणी पाठविलें नव्हतें, कोणी पगार देत नव्हतें. बाईंनीं ताबडतोब तिलाच त्या शाळेवर नेमलें. ह्या सबंध हकीकतींत मला सर्वांत अधिक प्रिय अशी कोणी असेल तर ती हीच, आणि तिचें नांव पुष्कळ चरित्रांत एका ओळीपलीकडे येत नाहीं.

हळूहळू मेंडिप डोंगराच्या आसपास दहाबारा गांवीं शाळा झाल्या. रविवारीं दोघी बहिणी पहाटे निघत, घोड्यावर किंवा गाडींत मैलोगणती रस्ता कापीत, आणि रात्रीं उशिरा घरीं येत. १७९१ च्या ऑगस्टांत सर्व शाळांतील पांचशेंवर मुलांस डोंगरावर गोळा करून पोटभर जेवण घातलें. पुढें तो वार्षिक सोहळाच झाला. ह्या शाळांत मुलांस वाचावयास शिकवीत, परंतु लिहावयास शिकवीत नसत. गरिबानें शास्त्र वाचावें, हातांत लेखणी घेऊं नये, असा बाईंचा निश्चय होता. तो चुकीचा होता, हें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. जिच्या बापानें भिऊन गणित बंद केलें, तिनें मजुरांच्या पोरांपासून लेखणी दूर ठेवावी ही खेदाची गोष्ट होय. आपल्या आजापणजांच्या हातीं ज्यांनीं पाटी दिली त्यांनीं हा नियम पाळला नाहीं, हें आपलें भाग्य.

शाळांच्या जोडीस बाईंनीं गरीब बायकांसाठीं मदत मंडळ्या काढल्या. दर आठवड्यास दीड पेनी वर्गणी भरावयाची. आजारी पडल्यास आठवड्यास ३ शिलिंग मिळावयाचे, आणि बाळंतपणास साडेसात शिलिंग. हें ठरवितांना मोठी मौज झाली. बायकांचा आग्रह असा पडला कीं, आजारपणाचे पैसे कमी झाले तरी चालतील, पण आमच्या प्रेतसंस्कारासाठीं रक्कम असलीच पाहिजे. जन्मभर राबावयाचें तें शेवटीं चार माणसांत नीटनेटकें पुरलें जावें म्हणूनच ना! बाईंस हें ऐकून हंसावें कीं रडावें कळेना. सद्वर्तनी मुलीचें लग्न झालें म्हणजे तिला मंडळीकडून ५ शिलिंग, पांढऱ्या मोज्यांचा जोड व पवित्र शास्त्राची प्रत मिळे. जिच्या स्वतःच्या लग्नाचा पोषाख वायां गेला, तिनें शेकडों मजूर मुलींच्या लग्नांत आहेर केला.

१७९५ पासून १७९८ पर्यंत बाईंनीं स्वस्त पत्रिकांची माला चालविली. फेरीवाले जत्रेंत जीं बाष्कळ गाण्यांचीं व चोरांच्या गोष्टींचीं चोपडीं विकीत, त्यांच्यासारखेंच रूप, तसेंच लांकडी ठशांचें चित्र, किंमत अर्ध्या पेनीपासून दीड पेनीपर्यंत, पण आंत सदुपदेशाची गोष्ट. पहिल्या वर्षांतच २० लाखांवर प्रती खपल्या. त्यांतील सुमारें निम्म्या पत्रिका बाईंनीं स्वतः लिहिल्या. फ्रान्स देशांत राज्यक्रांति झालेली असल्यामुळें, गरिबानें आपल्या पायरीनें राहावें असा सूर त्यांत जागोजाग आहे. आज तो आपल्या कानास बरा लागत नाहीं. तथापि पत्रिका विकण्याची ही रीत पुढें १७९९ सालीं लंडनांत स्थापन झालेल्या धार्मिक पत्रिका मंडळीनें उचलली, आणि बाजाराच्या दिवशीं झाडाखालीं आपले उपदेशक पत्रिका मांडून बसत असत त्या रीतीचें मूळही ह्यांतच आहे.

इतकें यश आलें म्हणजे शत्रु उभे राहावयाचेच. ब्लॅग्डन येथील शाळेचा मास्तर संध्याकाळीं प्रार्थनासभा भरवून लोकांस आपापल्या शब्दांत प्रार्थना करूं देतो, अशी तेथील दुय्यम धर्मगुरूनें तक्रार केली. १८०० पासून तीन वर्षें वीसांहून अधिक चोपडीं छापून एकमेकांवर चिखलफेक झाली. बाई स्त्री आहेत, त्यांतून अविवाहित आहेत, आणि धर्मगुरूंच्या अधिकारांत हात घालतात, हाच आरोपाचा गाभा होता. त्यांच्या शीलाबद्दलही घाणेरडे इशारे दिले गेले. बाईंनीं स्वतः छापून उत्तर दिलें नाहीं. पण त्या आजारी पडल्या, आणि ब्लॅग्डनची शाळा बंद करावी लागली. बाकीच्या टिकल्या.

थोरल्या बहिणींनीं १७९० च्या सुमारास ब्रिस्टलची शाळा दुसऱ्यांच्या हातीं देऊन बाथ शहरीं स्वतःच्या पैशानें घर घेतलें होतें. पुढें पांचही जणी बार्ली वुड येथें हन्नाबाईंनीं बांधलेल्या घरीं एकत्र आल्या. १८०८ सालीं निघालेल्या बाईंच्या एका कादंबरीनें पहिल्या वर्षांतच सुमारें २,००० पौंड मिळवून दिले, आणि तो पैसा शाळांस उपयोगी पडला. ह्याच घरीं एक हुशार मुलगा सुटींत येऊन बाईंजवळ बसून वाचीत असे. त्याची आई मोर भगिनींच्या ब्रिस्टलच्या शाळेशीं संबंध असलेली होती. तोच पुढें हिंदुस्थानच्या शिक्षणखात्याच्या इतिहासांत गाजलेला मेकॉले होय.

१८१३ सालीं विल्बरफोर्स व त्यांचे सोबती ह्यांच्या खटपटीनें हिंदुस्थानांत मिशनरींस येण्याची कायद्यानें वाट मोकळी झाली. त्याच वर्षाच्या आरंभीं मुंबईस उतरलेले हॉल व नॉट हे अमेरिकन मिशनरी हद्दपारीच्या भीतींत दिवस काढीत होते. त्यांच्या मिशनांत १८२७ सालीं सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईस आली, आणि मुलींच्या शाळा चालवीत ह्या देशीं राहून १८६२ सालीं अहमदनगर येथें देवाघरीं गेली. एकट्या स्त्रीस परदेशीं पाठवावें कीं नाहीं ह्यावर तेव्हां मोठी चर्चा होत असे. मोर भगिनींसारख्यांचें उदाहरण लोकांच्या डोळ्यांपुढें नसतें, तर तसलें धाडस करण्यास मिशन मंडळ्या किती दिवस लावत्या, कोण सांगेल?

बार्ली वुडचें घर एकेक करून रिकामें झालें. १८१३ त मेरी, १८१६ त एलिझाबेथ, १८१७ त सेरा, आणि १८१९ त मार्था गेली. मार्था गेली तो घाव मोठा होता, कारण मेंडिपच्या चिखलांत तीच जोडीला असे. वृद्ध बाई एकट्या वरच्या मजल्यावर आजारी पडून राहत; खालीं चाकरमंडळी त्यांच्या पैशावर चैन करीत. स्नेह्यांनीं हें उघडकीस आणलें, आणि १८२८ सालीं, ८३ व्या वर्षीं, बाईंनीं तें आवडतें घर सोडून क्लिफ्टन येथें बिऱ्हाड केलें.

१८३३ च्या जुलैअखेर विल्बरफोर्स वारले. ऑगस्टच्या २८ तारखेस गुलामगिरी बंद करण्याच्या कायद्यावर राजाची संमति झाली. आणि सप्टेंबरच्या ७ तारखेस हन्नाबाई निवर्तल्या. मागें सुमारें ३०,००० पौंड निघाले. मास्तराच्या त्या बिनहुंड्याच्या मुलीची ही कमाई होय. ती बहुतेक सर्व धर्मकार्यास व गरिबांस वांटून दिलेली होती, आणि मेंडिपच्या शाळा व बायकांच्या मदत मंडळ्या त्यांतून वगळलेल्या नव्हत्या. रिंग्टन गांवच्या मंदिराच्या अंगणांत, जेथें चौघी बहिणी आधींच विसांवल्या होत्या, तेथें पांचवीसही ठेविलें.